भावनांचें माप आणि तुर्की भाषा



दशमान पद्धतीचीं मापें येण्यापूर्वीं आपल्याकडे पायली आणि शेर गांवागणिक निराळे असत. एका बाजारांतली पायली दुसऱ्या बाजारांत नेली कीं हिशेब चुके, आणि शहाणा व्यापारी परगांवीं गेला म्हणजे आधीं तेथल्या मापाची ओळख करून घेई. आज मला आपल्याशीं अशाच परगांवीं नेलेल्या एका मापाविषयीं बोलावयाचें आहे. मात्र तें माप धान्याचें नसून मनांतल्या भावनांचें आहे, आणि तो परगांव म्हणजे तुर्कस्तान. चिंता, विषाद, उल्हास मोजण्यासाठीं अमेरिकेंत इंग्रजी भाषेंत ज्या प्रश्नावल्या तयार झाल्या, त्या तुर्की भाषेंत आणतांना तेथील मानसशास्त्रज्ञांना काय काय करावें लागलें, ही ती हकीकत.

असली मोजपट्टी दिसावयास अगदीं साधी असते. एका कागदावर वीसएक वाक्यें किंवा शब्द छापलेले असतात. प्रत्येकापुढें ‘मुळींच नाहीं’ पासून ‘फार’ पर्यंत चार-पांच घरें असतात. माणसानें आपल्या मनाशीं ताडून पाहून एका घरांत खूण करावयाची, आणि मागाहून त्या खुणांच्या आंकड्यांची बेरीज व्हावयाची. परंतु ह्या बेरजेवर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. अंकारा शहरांतील एखाद्या दवाखान्यांत आलेल्या बाईला औषध द्यावें कीं धीर देऊन घरीं पाठवावें, परीक्षेच्या धास्तीनें झोप उडालेल्या मुलाकडे विशेष लक्ष पुरवावें कीं नाहीं, ह्या निर्णयांत त्या बेरजेचा हात असतो. अनुवादांत एखादा शब्द भलताच पडला तर धडधाकट माणूस आजारी ठरावयाचा आणि खरा आजारी चाळणींतून निसटून जावयाचा. म्हणून हा केवळ पंडितांचा शब्दखेळ आहे असें कोणीं समजूं नये.

ह्या कथेचा आरंभ १९१५ सालीं होतो. ऑटोमन साम्राज्य तेव्हां पहिल्या महायुद्धांत गुंतलें होतें. त्याच वर्षीं गेऑर्ग आन्शुट्झ नांवाचे जर्मन प्राध्यापक इस्तंबूलच्या दारुल्फुनूनमध्यें, म्हणजे तेथील विद्यापीठांत, मानसशास्त्र शिकविण्यासाठीं आले; आणि त्याच वर्षीं इब्राहिम अलाएत्तिन गोव्सा ह्या कवि आणि शिक्षणतज्ज्ञ गृहस्थांनीं फ्रान्समधील बिने व सिमाँ यांची बुद्धिमापनाची कसोटी तुर्कींत आणली. परकी मोजपट्टी तुर्की माणसाला लावून पाहण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न. आपल्याकडेहि हेंच घडलें. त्याच बिनेच्या कसोटीला व्ही. व्ही. कामत यांनीं धारवाडकडील कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीं नवें रूप दिलें, आणि त्या कामाचा ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. ‘बिने-कामत’ हें जोडनांव आजहि मुलांची तपासणी करणाऱ्यांच्या तोंडीं आहे.

बुद्धीची कसोटी परभाषेंत नेणें सोपें नसतें, पण तिला एक आधार असतो. मुलाला नाण्यांचीं नांवें विचारावयाचीं असलीं तर फ्रेंच नाण्यांच्या जागीं आपलीं नाणीं ठेवतां येतात, आणि उत्तर बरोबर कीं चूक हें परीक्षकाला समोर दिसतें. भावनेच्या मोजपट्टींत बरोबर उत्तर असें नसतेंच. ‘आपण किती व्याकुळ आहां?’ ह्या प्रश्नाचें उत्तर फक्त उत्तर देणाऱ्यालाच ठाऊक. परीक्षकाच्या हातीं असतो तो ‘व्याकुळ’ हा एक शब्द. तराजूचें वजन म्हणतात तें येथें तो शब्दच. आणि तें वजन दोन भाषांत सारखें भरत नाहीं.

तुर्कींत तर हें वजन एकाच भाषेंत, एकाच घरांत, दोन पिढ्यांत बदललें. १ नोव्हेंबर १९२८ च्या कायद्यानें तुर्की भाषेची अरबी लिपि जाऊन रोमन लिपि आली. १९३२ सालीं भाषासंशोधनाची संस्था निघाली, आणि अरबी-फारसी शब्द काढून त्यांच्या जागीं तुर्की धातूंपासून घडविलेले किंवा खेड्यापाड्यांतून वेंचून आणलेले शब्द घालण्याचें काम जोरानें सुरू झालें. मोजपट्टीला पूर्वीं ‘मिक्यास’ म्हणत, तिला ‘ओल्चेक’ म्हणूं लागले. भावनेला ‘हिस’ म्हणत, तिच्या शेजारीं ‘दुयगु’ येऊन बसला. काळजीला ‘एंदिशे’ म्हणत, तिच्या जोडीला शास्त्रीय लेखनांत ‘कायगी’ हा शब्द मानानें वावरूं लागला. जुने शब्द सगळेच मेले असें नाहीं. पण त्यांचा रंग बदलला, कांहींना जुनाटपणाचा वास आला. हा बदल किती झपाट्याचा होता हें पाहावयाचें असेल तर एक गोष्ट पुरे. खुद्द मुस्तफा केमाल यांनीं १९२७ सालीं केलेलें प्रसिद्ध दीर्घ भाषण पुढच्या पिढ्यांना कळावें म्हणून नव्या तुर्कींत उतरवून छापावें लागलें.

आपल्याकडेहि सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ झाली, आणि तिच्यावर माधव जूलियनांच्या काळीं पुष्कळ वादहि झडला. परंतु माझ्या समजुतीप्रमाणें आपल्या चळवळीचा रोख मुख्यतः कचेरी, सभा आणि रंगभूमि यांच्या शब्दांवर होता. हौस, खुशी, हैराण, बेचैन ह्या मनाच्या शब्दांना तिनें फारसा धक्का लावला नाहीं. तुर्कस्तानांत मात्र शुद्धीचा हात माजघरापर्यंत पोंचला. म्हणून तेथें भावनेची प्रश्नावली करणाऱ्यापुढें एक जादा प्रश्न उभा राहतो: शब्द कोणाचा घ्यावयाचा, आजीचा कीं नातीचा?

मधल्या काळाविषयीं थोडक्यांतच सांगतों. नाझी राजवटीमुळें जर्मनी सोडावी लागलेले विल्हेल्म पीटर्स यांनीं १९३७ च्या सुमारास इस्तंबूल विद्यापीठांत प्रायोगिक मानसशास्त्राची घडी बसविली. तुर्की मानसशास्त्रज्ञांची संघटना १९७६ सालीं निघाली आणि दोन वर्षांनीं तिचें नियतकालिक सुरू झालें. भावनांच्या मोजपट्ट्यांचें खरें पीक ह्याच सुमारास येऊं लागलें.

त्यांत पहिला मान चिंतेच्या मोजपट्टीचा. अमेरिकेंतील चार्ल्स स्पीलबर्गर आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७० सालीं ती प्रसिद्ध केली. तिच्यांत चाळीस वाक्यें आहेत. वीस ह्या क्षणाच्या चिंतेविषयीं आणि वीस जात्याच असलेल्या चिंतेविषयीं. हा भेद मला फार मार्मिक वाटतो. आगगाडी चुकेल म्हणून लागलेला घोर निराळा, आणि आगगाडी वेळेवर मिळाली तरी ज्याचा घोर जात नाहीं त्याचा स्वभाव निराळा. तुर्की मोजपट्टीचें काम नेज्ला ओनेर आणि अयहान लकोंत यांनीं १९७० नंतरच्या दशकांत केलें, आणि तिची मार्गदर्शक पुस्तिका बोगाझिची विद्यापीठानें १९८३ सालीं छापली. क्षणिक चिंतेला त्यांनीं ‘दुरुमलुक’ म्हटलें, म्हणजे स्थितीपुरती. आणि जातीच्या चिंतेला ‘सुरेकली’ म्हटलें, म्हणजे सतत चालणारी. येथेंच बारकाईनें पाहा. इंग्रजी शब्द स्वभावविशेषाचा आहे, तुर्की शब्द काळाचा आहे. जें माणसाच्या घडणींत आहे तें तुर्कींत ‘थांबत नाहीं तें’ झालें. अर्थ फारसा ढळला नाहीं, पण पाहण्याची खिडकी बदलली.

त्यांनीं काम कसें केलें हेंहि सांगण्यासारखें आहे. नुसता अनुवाद करून ते थांबले नाहींत. दोन्ही भाषा चांगल्या जाणणाऱ्या लोकांना इंग्रजी आणि तुर्की अशीं दोन्ही रूपें देऊन त्यांचे आंकडे एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं हें त्यांनीं पाहिलें. ह्या कामाची दुसरी एक रीत आहे, आणि रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या लेखामुळें ती सर्वत्र रूढ झाली. एकानें इंग्रजीचें तुर्की करावयाचें, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानें त्या तुर्कीचें पुन्हां इंग्रजी करावयाचें, आणि दोन इंग्रजी पाठ शेजारीं ठेवून फट कोठें पडली तें शोधावयाचें. शाळेंत पस्तीस वर्षें भाषांतराच्या वह्या तपासल्यामुळें मला ही युक्ति फार आवडली. परंतु तिच्यांत एक खोच आहे. दोघेहि अनुवादक इंग्रजी शिकलेले असले म्हणजे ते एकमेकांच्या चुका नकळत सांवरून घेतात. ओढाताणीच्या तुर्कींतूनहि दुसऱ्याला मूळ इंग्रजी ओळखूं येतें, आणि पाठ जुळतो. तो कागद ज्या अनातोलियांतल्या शेतकऱ्याच्या हातीं पडावयाचा, त्याला मात्र तें वाक्य परकें वाटतें. दोन भाषांच्या माणसाची परीक्षाहि ह्याच कारणानें अपुरी पडते. इंग्रजी कॉलेजांतल्या तरुणाचें मन आणि खेड्यांतल्या आजीचें मन एका कागदावर बसेलच असें नाहीं.

ह्या चिंतेच्या मोजपट्टींत शांतीचींहि वाक्यें आहेत. त्यांचे आंकडे उलटे धरावयाचे असतात. क्षणिक चिंतेच्या वीसांत अशीं दहा, आणि स्वभावाच्या वीसांत सात. तुर्की पुस्तिकेंत त्याचा सुटसुटीत हिशेब दिला आहे: सरळ वाक्यांच्या बेरजेंतून उलट वाक्यांची बेरीज वजा करावी, आणि पहिल्या भागांत ५० व दुसऱ्यांत ३५ मिळवावे, म्हणजे आंकडा २० ते ८० च्या दरम्यान येतो. गणिताची आवड असणाऱ्यांनीं हे ५० आणि ३५ कोठून आले तें काढून पाहावें. पांचवी-सहावीच्या मुलालाहि तें जमेल.

आतां शब्दांकडे येतों, कारण खरी गंमत तेथें आहे, आणि मराठी माणसाला ती विशेष कळेल. तुर्की आणि मराठी ह्या भाषा एका कुळांतल्या नव्हेत. परंतु दोघींच्याहि घरीं अरबी-फारसी पाहुणे उतरले आणि कायमचे राहिले. मनाच्या शांतीसाठीं तुर्कींत ‘हुझुर’ हा शब्द नित्याचा आहे, आणि चिंतेच्या मोजपट्टींतहि तो येतो. हा आपलाच ‘हुजूर’. मूळ अरबी अर्थ उपस्थिति, हजर असणें. आपल्याकडे तो राजाच्या समक्षतेचा शब्द झाला. पुण्याच्या हुजूरपागेंत तोच आहे. तुर्कांकडे तो मन ठिकाणावर असण्याचा शब्द झाला. दुसरा ‘हायरान’. अरबींत अर्थ बुचकळ्यांत पडलेला. तुर्कींत ‘हायरान’ म्हणजे कोणावर लुब्ध झालेला, चाहता. आणि मराठींत हैराण म्हणजे त्रासून गेलेला! एकाच बीजाचें तेथें फूल झालें आणि येथें कांटा. कोणी मराठी पंडित शब्दाच्या रूपावर भरंवसून तुर्की प्रश्नावलीचा अर्थ लावूं लागला तर चाहत्यांना तो दुःखितांच्या यादींत बसवील. तिसरा शब्द ‘हेवेस’, म्हणजे आपली हौस. हा मात्र दोन्हीकडे बराचसा गुणी राहिला आहे.

‘हेवेस’ची आठवण निघाली ती दुसऱ्या एका मोजपट्टीवरून. अमेरिकेंतील वॉटसन, क्लार्क आणि टेलेगन यांनीं १९८८ सालीं वीस शब्दांची एक छोटी यादी केली. दहा शब्द उल्हासाच्या बाजूचे आणि दहा त्रासाच्या बाजूचे. वाक्यें नाहींत, नुसते शब्द. ट्युलिन गेंचोझ यांनीं तिचें तुर्की रूप २००० सालीं तुर्की मानसशास्त्रज्ञांच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. वाक्याला आजूबाजूच्या शब्दांचा टेंका असतो. सुटा शब्द उघड्यावर उभा राहतो. म्हणून ही यादी म्हणजे अनुवादकाची खरी कसोटी.

त्यांतला ‘एन्थ्यूझिॲस्टिक’ हा शब्द तुर्कींत ‘हेवेसली’ झाला, म्हणजे हौशी, ठीक बसला. ‘एक्सायटेड’ हा ‘हेयेजानली’ झाला. पण ‘हेयेजान’ हा शब्द मोठा पोटाचा आहे. आनंदाची उसळी त्यांत येते, आणि व्यासपीठावर चढतांना होणारी छातीची धडधडहि येते. इतकेंच नव्हे, जुन्या तुर्की मानसशास्त्रांत भावावेगालाच ‘हेयेजान’ म्हणत. इंग्रजींत हा शब्द उल्हासाच्या दहांत मोजला जातो. तुर्की वाचकाच्या मनांत तो कुंपणावर बसलेला असतो. ‘प्राउड’ हा ‘गुरुरलु’ झाला. आपल्याकडे अभिमान आणि गर्व हे दोन वेगळे खण आहेत. तुर्कींत ‘कीबिर’ हा उद्दामपणाचा शब्द वेगळा असला तरी ‘गुरुर’मध्यें अभिमानाबरोबर अहंकाराची छटा उरतेच. ‘अशेम्ड’ हा ‘उतानमिश’ झाला. त्या धातूंत अपराधाची शरम आहे आणि चारचौघांतला संकोचहि आहे. आपल्या ‘लाज’ शब्दाची गत हीच. आतां सांगा, पाहुण्यांपुढें लाजणाऱ्या मुलीचा गुण त्रासाच्या खात्यांत जमा करावयाचा काय?

सर्वांत अवघड जोडी ‘इरिटेबल’ आणि ‘नर्व्हस’ यांची. तुर्कींत त्यांना अनुक्रमें ‘आसाबी’ आणि ‘सिनिरली’ हे शब्द दिले आहेत. ‘आसाबी’ अरबी, ‘सिनिरली’ तुर्की. पण दोन्ही शब्दांच्या मुळाशीं मज्जातंतूच आहे. इंग्रजी ‘नर्व्हस’च्या मुळाशींहि तोच, म्हणून कोशाच्या दृष्टीनें अनुवाद निर्दोष. परंतु इंग्रजी माणूस नर्व्हस झाला म्हणजे घाबरतो, आणि तुर्की माणूस ‘सिनिरली’ झाला म्हणजे बहुधा चिडतो. मज्जातंतु दोघांचेहि ताणलेले. एकाचा हात कांपतो, दुसऱ्याचा उगारला जातो. उलट ‘इन्स्पायर्ड’ ह्या शब्दाला ‘इल्हामली’ असा प्रतिशब्द दिल्यावर तो एकटा पुरणार नाहीं हें ओळखून शेजारीं कंसांत स्पष्टीकरण दिलें आहे, त्याचा अर्थ ‘नवनिर्मितीच्या कल्पनांनीं भरलेला’ असा होतो. यादीच्या नेटकेपणाला त्यानें थोडी बाधा आली खरी, पण मला हा प्रांजळपणा मोलाचा वाटतो. जेथें एका शब्दानें भागत नाहीं तेथें चार घालावे.

एवढ्या अडचणी असूनहि यादी टिकली काय? टिकली. दहा शब्द एकमेकांशीं एकजीव आहेत कीं नाहीं हें पाहण्याचा एक गुणक असतो. तो एकाच्या जितका जवळ तितका मेळ चांगला. तुर्की यादींत तो उल्हासाच्या शब्दांसाठीं ०.८६ आणि त्रासाच्या शब्दांसाठीं ०.८३ आला. कांहीं काळानें तींच माणसें पुन्हां तपासलीं तेव्हां जुळणी ०.५४ आणि ०.४० इतकीच भरली. आकडा लहान दिसतो, पण मनःस्थिति ही उंचीसारखी स्थिर वस्तु नव्हे. मात्र शब्दांचा आपसांत मेळ बसणें आणि त्यांचा इंग्रजी शब्दांशीं मेळ बसणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळ लेखांत पहिलीच्या पुराव्यावर दुसरी गृहीत धरलेली आढळते. तें मला पटत नाहीं.

यादींत नसलेला एक शब्द मुद्दाम सांगतों, ‘मेराक’. तुर्कींत ह्याचा अर्थ कुतूहलहि होतो आणि काळजीहि होते. नवीन पुस्तकाविषयीं ‘मेराक’, आणि उशीरापर्यंत घरीं न आलेल्या मुलाविषयींहि ‘मेराक’. एक उल्हासाच्या खात्यांतला, दुसरा त्रासाच्या. ही प्रश्नावली इंग्रजींत न होतां प्रथम इस्तंबुलांत झाली असती तर तिचे खणच निराळे पडले असते, असें हा शब्द पाहून मनांत येतें.

व्याकरणाच्या बाबतींत मात्र तुर्की भाग्यवान आहे. तिच्यांत लिंगभेद नाहीं. तो, ती, तें ह्या तिन्हींना एकच ‘ओ’. ‘कोर्कमुश’ हा एक शब्द छापला कीं भ्यालेला पुरुष आणि भ्यालेली स्त्री दोघांचें काम होतें. मराठींत हीच यादी करणाऱ्याला ‘घाबरलेला’ आणि ‘घाबरलेली’ अशा दोन प्रती काढाव्या लागतील. नाहीं तर ‘मला भीति वाटते’ अशी रचना घ्यावी लागेल. आणि त्या रचनेंत भीति कर्ता होते, माणूस तिच्या तावडींत सांपडलेला दिसतो. घाबरलेला मी आणि भीति वाटणारा मी एकच आहें काय, हा प्रश्न व्याकरणाचा आहे तितकाच मनाचाहि आहे.

शेवटीं विषादाच्या मोजपट्टीकडे वळतों, कारण दवाखान्याशीं तिचा संबंध सर्वांत जवळचा. अमेरिकेंतील डॉक्टर ॲरन बेक यांनीं ती १९६१ सालीं केली. एकवीस बाबी, प्रत्येकींत चढत्या तीव्रतेचीं वाक्यें. तुर्कींत बुकेत तेगिन यांनीं १९८० सालीं आणि नेसरिन हिस्ली यांनीं १९८८-८९ सालीं तिच्यावर काम केलें. हिस्ली यांच्या कामांतला महत्त्वाचा भाग म्हणजे तुर्की माणसांच्या उत्तरांवरून त्यांनीं रेषा कोठें ओढावी हें पाहिलें, आणि ती १७ वर ओढली. सतरा आणि त्यापुढें आंकडा गेला तर उपचाराचा विचार करण्याजोगा विषाद समजावा. अशी रेषा मूळ पुस्तिकेंतून उचलून आणतां येत नाहीं. ती त्या त्या लोकांत शोधावी लागते. तुर्की माणूस दुःख सांगतांना शरीराचे शब्द सहज वापरतो. कंटाळा आला, उबग आला तर तो ‘जान आवळली जाते’ अशा अर्थाचा प्रयोग करतो. त्यांतूनच ‘सिकिंती’ हा त्रासाचा शब्द आला आहे, आणि तो वर सांगितलेल्या वीस शब्दांतहि आहे. मोठा शोक झाला तर त्याचें ‘जिएर’ जळतें, म्हणजे यकृत, आपल्या जिगर शब्दाचाच भाऊ. आपलें काळीजहि मुळांत यकृतच. असें बोलणाऱ्या बाईला ‘आपण उदास आहां काय?’ एवढेंच विचारलें तर ती कदाचित् ‘नाहीं’ म्हणेल, आणि त्याच दमांत छातीवर धोंडा ठेवल्यासारखें होतें म्हणून सांगेल.

शाळामास्तराच्या दृष्टीनें एक काम सांगितल्यावांचून राहवत नाहीं. परीक्षेच्या भीतीचीहि एक मोजपट्टी स्पीलबर्गर यांनीं केली होती, वीस वाक्यांची. नेज्ला ओनेर यांनीं तिची तुर्की पुस्तिका १९९० सालीं काढली. तुर्कस्तानांत विद्यापीठाच्या प्रवेशासाठीं सगळ्या देशाची एकच मोठी परीक्षा असते, आणि तिच्या धास्तीनें घरेंच्या घरें वर्षभर दबून असतात. आपल्याकडच्या प्रवेशपरीक्षांचा अनुभव असलेल्या पालकांना हें अधिक सांगावयास नको. अशा ठिकाणीं मुलाची भीति अमेरिकन मुलांच्या सरासरीशीं ताडून काय उपयोग? ती तुर्की मुलांच्याच सरासरीशीं ताडावयास हवी, आणि त्यासाठींच वर्गावर्गांतून उत्तरें गोळा करण्याचें तें कंटाळवाणें काम कोणीं तरी करावयाचें असतें.

ह्याच ओनेरबाईंनीं पुढें तुर्कस्तानांत वापरल्या जाणाऱ्या मानसिक कसोट्यांचा एक संदर्भग्रंथ तयार केला. कसोटी मूळ कोणाची, तुर्कींत कोणीं आणली, कोणत्या लोकांवर पडताळून पाहिली आणि ती कितपत विश्वासार्ह ठरली, ह्याच्या नोंदी त्यांत एके ठिकाणीं मिळतात. मराठींत कोणी असा ग्रंथ करावयास बसला तर त्याच्या पहिल्या पानांवर कामतांचें काम असेल, आणि ‘नर्व्हस’ ह्या शब्दापाशीं आल्यावर त्याला ‘घाबरट’, ‘बावरलेला’, ‘चिडचिडा’ आणि ‘अस्वस्थ’ ह्या चार शब्दांपैकीं एक निवडावा लागेल. तो शब्द कोशांत पाहून ठरविण्यापूर्वीं त्यानें साताऱ्याच्या, नागपूरच्या आणि मालवणच्या घरांत जाऊन तो कोण कोणत्या अर्थानें वापरतें हें विचारून यावें.